रविवारचा ब्रंच : चव फ्रेंच, बिल खणखणीत

पाँडिचेरीच्या जुन्या गल्ल्यांतील देखण्या बिस्त्रोंमध्ये सुट्टीची सकाळ घालवण्याची हौस आता मध्यमवर्गीय कुटुंबांनाही लागली आहे. पण एका न्याहारीचे इतके पैसे नेमके कशाचे? आणि ते सत्कारणी कसे लावायचे?

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास पाँडिचेरीच्या व्हाइट टाउन भागात फेरफटका मारला, तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. रू द्युमा, रू स्युफ्राँ, रू रोमाँ रोलाँ अशा नावांच्या शांत गल्ल्या, पिवळ्या रंगाच्या उंच भिंती, त्यांवरून ओसंडणारी बोगनवेल आणि मधूनच एखाद्या लाकडी दरवाजापाशी ताटकळत उभी असलेली माणसे. दर्शनाची रांग म्हणावी, तर जवळपास देऊळ नसते. रेशनची म्हणावी, तर हातात पिशव्या नसतात. ही माणसे न्याहारीसाठी थांबलेली असतात. कुणी चेन्नईहून दीडशे किलोमीटर गाडी हाकत आलेले असते, कुणी बेंगळुरूहून रात्रीच्या बसने. दादरहून चालुक्य एक्सप्रेसने थेट उतरलेली मराठी कुटुंबेही त्यांत असतात.

आत अंगण असते, आंब्याची किंवा चाफ्याची सावली असते, वेताच्या खुर्च्या असतात. कॉफीचा आणि लोण्याचा खमंग वास सुटलेला असतो. तासा-दीड तासाने बिल येते आणि बऱ्याच घरांत तेव्हाच एक ओळखीचा संवाद डोळ्यांनीच होतो. एकाच्या नजरेत ‘एवढे?’ असा प्रश्न असतो, दुसऱ्याच्या नजरेत ‘आता इथे काही बोलू नका’ अशी विनवणी. रंगलेली सकाळ तेवढ्यानेच बेरंग होते.

खरे तर ही सकाळ फुकट घालवण्याइतकी स्वस्त नाही आणि टाळावी इतकी वाईटही नाही. फक्त आपण कशाचे पैसे मोजतो आहोत, हे आधी कळले पाहिजे.

ब्रंच आला कुठून?

सकाळचा नाश्ता आणि दुपारचे जेवण यांची सांगड घालणारा ‘ब्रंच’ हा शब्द मूळचा इंग्लंडचा. गाय बेरिंजर नावाच्या लेखकाने १८९५ साली ‘हंटर्स वीकली’ या नियतकालिकात या खाण्याची वकिली करणारा लेख लिहिला. शनिवारी रात्री जागरण करणाऱ्यांना रविवारी सकाळी जड जेवणाची सक्ती कशाला, त्यापेक्षा उशिरा उठून चहा-कॉफीने सुरुवात करावी आणि गप्पा मारत सावकाश खावे, असा त्याचा युक्तिवाद होता. माणूस त्यामुळे प्रसन्न होतो, चार लोकांत मिसळतो, असेही त्याने सुचवले होते. पुढे ही पद्धत अमेरिकेत गेली, न्यूयॉर्कसारख्या शहरांतील हॉटेलांनी उचलून धरली आणि तिथून जगभर पसरली.

आपल्याकडे शब्द नवा असला, तरी कल्पना नवी नाही. रविवारी उशिरा न्हाऊन, वर्तमानपत्र चाळून साडेदहाला मिसळीच्या दुकानासमोर रांग लावणारा पुणेकर किंवा कोल्हापूरकर करतो, तोही ब्रंचच. फरक इतकाच, की मिसळीच्या टेबलावर मागचा माणूस खुर्ची रिकामी होण्याची वाट पाहत उभा असतो. बिस्त्रोत मात्र तुम्ही दोन तास बसलात, तरी कुणी उठवत नाही. हे बसणे फुकट नसते, हे पुढे दिसेलच.

‘बिस्त्रो’ म्हणजे पॅरिसमधील छोटेखानी, घरगुती वळणाचे खानावळवजा ठिकाण. या शब्दामागे एक गमतीदार दंतकथा आहे. १८१४ साली रशियन सैनिक पॅरिसमध्ये होते. त्यांना खाणे झटपट हवे असे, म्हणून ते ‘बिस्त्रा, बिस्त्रा’ म्हणजे ‘लवकर, लवकर’ असे ओरडत आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. पॅरिसच्या माँमार्त्र भागात तशी पाटीही लावलेली आहे. पण भाषातज्ज्ञांना ही व्युत्पत्ती मान्य नाही, कारण फ्रेंच लिखाणात हा शब्द १८८० च्या दशकापूर्वी आढळत नाही. काही असो, आजच्या बिस्त्रोत लवकर काहीच येत नाही आणि लवकर यावे अशी अपेक्षाही नसते.

पाँडिचेरीतच का?

भारतात अशी ठिकाणे आता जागोजागी निघाली आहेत. गोव्यात आसगावला, आपल्याकडे अलिबाग-पाचगणीकडे, उत्तरेत लँडोर किंवा मॅक्लिऑडगंजला शनिवार-रविवारी हेच दृश्य दिसते. पण पाँडिचेरीत या खाण्याला मुळे आहेत. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने इथे १६७४ मध्ये वखार वसवली. मध्यंतरी डचांनी हे गाव घेतले, इंग्रजांनी १७६१ मध्ये ते जवळजवळ जमीनदोस्त केले, फ्रेंचांनी ते पुन्हा उभारले. १ नोव्हेंबर १९५४ रोजी इथला कारभार भारताकडे आला आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी कायदेशीर हस्तांतर पूर्ण झाले. २००६ मध्ये नावही अधिकृतपणे पुदुच्चेरी झाले.

हस्तांतराच्या करारात इथल्या रहिवाशांना फ्रेंच नागरिकत्व ठेवण्याची मुभा होती. त्यामुळे तमिळ आडनावाची पण फ्रेंच पासपोर्ट असलेली कुटुंबे इथे आजही आहेत. १८२६ मध्ये सुरू झालेली फ्रेंच शाळा आहे, वकिलात आहे, फ्रेंच संशोधन संस्था आहे. १४ जुलैला फ्रान्सचा राष्ट्रीय दिन साजरा होतो. संध्याकाळी धातूचे गोळे टाकण्याचा पेताँक हा खेळ रंगतो. जवळच १९६८ साली स्थापन झालेले ऑरोव्हिल आहे. तिथे नाना देशांची माणसे राहतात, पाव भाजतात, चीज बनवतात. म्हणजे या गावात लांबोडका पाव केवळ पर्यटकांना दाखवण्यापुरता नाही, तो खाणारी माणसे इथेच आहेत. नकली सजावटीच्या ठिकाणांपेक्षा इथली सकाळ वेगळी वाटते, ती यामुळे.

ताटात येते तरी काय?

पहिल्यांदा जाणाऱ्याला मेनूकार्ड बुजवते. नावे उच्चारता येत नाहीत, मग जे वेटरला वाचून दाखवता येते तेच मागवले जाते आणि शेजारच्या टेबलावरचे पाहून हळहळ वाटते. म्हणून चार नावे ओळखीची करून घ्यावीत.

क्रोसाँ हा चंद्रकोरीच्या आकाराचा खुसखुशीत पाव. मूळ कल्पना ऑस्ट्रियाची, १८३० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये निघालेल्या एका व्हिएन्नी बेकरीने ती फ्रान्सला दिली. आपण चिरोटे करताना साटा लावून पोळ्या एकावर एक ठेवतो, तीच तऱ्हा. मात्र इथे कणीक आंबवलेली असते आणि साट्याऐवजी लोण्याची अख्खी लादी आत घालून, लाटून, तीनदा घडी घालतात. प्रत्येक घडीला तीन पदर, म्हणजे तीन घड्यांत लोण्याचे सत्तावीस थर होतात. दर घडीनंतर पीठ थंड करून विसावू द्यावे लागते. लोणी वितळले, की थर एकमेकांत मिसळतात आणि क्रोसाँचा साधा बनपाव होतो.

गालेत हा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताचा पदार्थ म्हणजे आपल्या घावनाचा लांबचा भाऊ. तो बकव्हीटच्या, म्हणजे उत्तर भारतात नवरात्राच्या उपासाला वापरतात त्या कुट्टूच्या पिठाचा असतो. तव्यावर पातळ पसरून, आत चीज, अंडे, पालक किंवा मशरूम ठेवून चारी बाजूंनी दुमडतात. गव्हाच्या पिठाचा, गोड आणि नाजूक तो क्रेप. त्यात साखर-लिंबू, चॉकलेट किंवा केळे असते. मुलांना तो हमखास आवडतो.

कीश म्हणजे खुसखुशीत पारीत अंडे आणि साय ओतून भाजलेला खारा पदार्थ. रातातुय ही वांगी, टोमॅटो, सिमला मिरची यांची ऑलिव्ह तेलातली मंद शिजवलेली भाजी. शाकाहारी माणसाला ती आणि ताजा पाव एवढ्यावर पोटभर खाता येते. ‘एग्ज बेनेडिक्ट’ मात्र फ्रेंच नव्हे, अमेरिकी. पावावर पाण्यात शिजवलेले मऊ अंडे आणि वरून हॉलंडेज सॉस. हा सॉस अंड्याचा बलक, लोणी आणि लिंबू घालून मंद आचेवर घोटतात. आच जरा वाढली, की कढी फुटावी तसा तो फुटतो. करून ठेवता येत नाही, दर वेळी ताजा करावा लागतो.

शाकाहारी कुटुंबांनी दोन गोष्टी न संकोचता विचाराव्यात. ‘कोंप्लेत’ नावाच्या गालेतमध्ये बहुधा हॅम, म्हणजे डुकराचे मांस असते. कीशमध्ये अंडे असतेच, भाजीची कीश मागवली तरी ते टळत नाही. घरात कुणी अंडे खात नसेल, तर मागवण्याआधी सांगावे. चांगल्या ठिकाणचा वेटर या प्रश्नाला कपाळाला आठी घालत नाही. घालत असेल, तर ते ठिकाण फारसे चांगले नाही असे खुशाल समजावे.

इतके महाग का?

‘पाव, अंडी आणि कॉफी! घरी याला शंभर रुपये लागतील,’ हा हिशेब प्रत्येक घरात होतो आणि कच्च्या मालापुरता तो फारसा चुकीचाही नसतो. पण हॉटेलच्या ताटाची किंमत केवळ शिध्यावर ठरत नाही.

पहिला खर्च जागेचा. व्हाइट टाउन जेमतेम काही गल्ल्यांचे. समुद्र आणि जुना कालवा यांच्यामध्ये अडकलेला हा भाग वाढू शकत नाही. जागा मोजकी आणि मागणारे पुष्कळ, म्हणून भाडे चढे. शिवाय अंगणात झाडे आहेत, म्हणजे टेबले कमी. उडपी हॉटेलात एका खुर्चीवर तासाभरात तीन गिऱ्हाईके बसून उठतात. इथे एकच गिऱ्हाईक दोन तास रेलून बसते. त्या खुर्चीचे भाडे त्याच्याच बिलातून निघायचे असते. आपण कॉफीचे म्हणून मोजतो त्या पैशांतला मोठा वाटा सावलीचा असतो.

दुसरा खर्च हवामानाचा. पाँडिचेरी दमट, उन्हाळ्यात पारा पस्तीसच्या पुढे सहज जातो. अशा हवेत लोण्याचे थर शाबूत ठेवायचे, तर पीठ लाटण्याची खोली वातानुकूलित हवी, शीतपेट्या अखंड चालू हव्यात. वीज गेली तर जनरेटर हवा. सकाळी आठला ताजा क्रोसाँ हवा असेल, तर कणीक आदल्या दिवशी मळलेली असते आणि भटारखान्यात कुणीतरी पहाटेच कामाला लागलेले असते.

तिसरा खर्च वाया जाण्याचा. गर्दी होते शनिवारी-रविवारी. भाडे, पगार आणि विजेचे बिल मात्र आठवड्याचे सातही दिवस द्यावे लागते. मंगळवारी सकाळी रिकाम्या राहिलेल्या खुर्च्यांचे पैसे रविवारचे गिऱ्हाईक भरते. ताजा पाव संध्याकाळी शिळा होतो, तो दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. ऑलिव्ह तेल आणि काही प्रकारची चीज परदेशातून येतात. एस्प्रेसो कॉफीचे यंत्र उच्च दाबाने पाणी सोडणारे, महागडे आणि देखभालीला नाजूक असते. कॉफी मात्र बहुधा आपलीच, कोडगू-चिकमगळूरची किंवा तमिळनाडूतल्या डोंगरांची.

अर्थात, प्रत्येक महाग ठिकाण या कारणांनीच महाग असते असे नाही. नुसत्या पिवळ्या भिंती आणि फ्रेंच पाटी यांवर गोठवलेला क्रोसाँ गरम करून विकणारी ठिकाणेही असतात. ओळखायची खूण सोपी आहे. क्रोसाँ मोडला, की चुरा पडला पाहिजे आणि आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसली पाहिजे. बोटांना लोण्याचा वास राहिला पाहिजे, डालड्याचा चिकटपणा नव्हे. पहिल्या फेरीत एकच मागवून पाहावा आणि मगच पुढची ऑर्डर द्यावी.

हिशेब आधी, भूक नंतर

चौघांचे कुटुंब धरू. आकडे केवळ नमुन्यादाखल. दोन कॉफी ४०० रुपये, दोन ताजे रस ४००, एक ऑम्लेटची थाळी ४५०, एक गालेत ४५०, एक क्रोसाँ सँडविच ४००, एक गोड क्रेप ३५०, पावाची टोपली २५०. बेरीज २,७०० रुपये. त्यावर पाच टक्के जीएसटी १३५ रुपये. एकूण २,८३५.

आता हेच कुटुंब जरा विचाराने मागवते. रस मागवत नाही, कारण तो बाहेर कोपऱ्यावर शहाळ्याच्या रूपाने मिळतो. सँडविच वगळते, कारण पावाची टोपली आहेच. दोन कॉफी, गालेत, ऑम्लेट, क्रेप आणि पाव मध्ये ठेवून सारे वाटून खातात. बेरीज १,९०० आणि कर ९५ मिळून १,९९५ रुपये. आठशे चाळीस रुपये वाचले, चव प्रत्येकाला सगळ्याची मिळाली आणि ताटात काही उरले नाही. इथल्या थाळ्या दिसायला लहान, पण लोणी-चीजमुळे जड असतात. आपली भूक डोळ्यांना जास्त असते, पोटाला कमी.

बिल आले, की ते वाचावे. यात कमीपणा काहीच नाही. साध्या रेस्तराँत जीएसटी पाच टक्केच लागतो. मात्र जुन्या वाड्याचे आलिशान हॉटेल झालेले असेल आणि तिथल्या खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असेल, तर त्याच आवारातल्या रेस्तराँत हा कर १८ टक्के होतो. म्हणजे २,७०० च्या खाण्यावर १३५ ऐवजी ४८६ रुपये. आत शिरण्यापूर्वी विचारलेला एक प्रश्न साडेतीनशे रुपये वाचवतो. कर लावला असेल, तर बिलावर जीएसटी क्रमांक छापलेला हवा.

सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, की हॉटेलांनी तो बिलात आपोआप लावू नये आणि ग्राहकावर सक्ती करू नये. हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, पण मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना उचलून धरल्या. तेव्हा तो बिलात दिसला, तर काढायला सांगण्याचा हक्क आपल्याला आहे. ऐकले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मात्र सर्व्हिस चार्ज काढायला लावून वेटरलाही काहीच न देता उठणे शोभत नाही. दोन तास आपली उठबस करणाऱ्या पोराच्या हातात स्वखुशीने दिलेली टीप थेट त्याला मिळते.

बाटलीबंद पाण्याचे मात्र वेगळे आहे. हॉटेलात बसवून दिलेल्या बाटलीला छापील किमतीहून जास्त पैसे घेता येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. तेव्हा वाद घालण्यापेक्षा साधे गाळलेले पाणी मागावे.

टेबलावर कोण काय खाते?

पैशांचा हिशेब सोपा, पण या सकाळी आणखी एक हिशेब असतो आणि तो बिलात छापून येत नाही.

एरवीचा रविवार घराघरांत कसा असतो? सगळ्यांना सुट्टी आणि घरच्या बाईला दुप्पट काम. नाश्त्याला गरम काहीतरी हवे, जेवण साग्रसंगीत हवे आणि मध्ये पाहुणे. सहलीतला एक रविवार असा येतो, की तिला कुणीतरी खुर्ची ओढून देते, गरम कॉफी समोर ठेवते आणि ताट उचलून नेते. ‘पोहे घरी वीस रुपयांत होतात’ या वाक्यात पोह्यांचा दर असतो, करणाऱ्या हातांचा नसतो. बिस्त्रोचे बिल महाग वाटते, त्याचे एक कारण हेच, की घरच्या कष्टांची किंमत आपण कधी लावलेलीच नसते.

आणि तरीही गंमत अशी, की मेनूकार्ड हातात आल्यावर सर्वांत आधी तीच उजवीकडचा रकाना वाचते. ‘मला फारशी भूक नाही, मी यांच्यातलेच घेईन,’ असे म्हणणारी बहुधा आई असते, नाही तर सासूबाई. ज्येष्ठ माणसांना किमतींची रुखरुख लागते. साठ-सत्तर वर्षे काटकसर केलेल्या मनाला चारशे रुपयांचे ऑम्लेट घशाखाली उतरत नाही. त्यांना आग्रह करून, वर किंमत सांगून खाऊ घालण्यात आनंद नसतो. त्यापेक्षा त्यांच्यासाठी एक गोड क्रेप आणि कॉफी आपणच न विचारता मागवावी, बिल त्यांच्यासमोर उघडू नये आणि घरी परतेपर्यंत त्याचा आकडा काढू नये.

मुलांना मात्र आकडा सांगायला हरकत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ‘आज आपले दोन हजारांचे बजेट आहे, तूच ठरव काय मागवायचे’ असे सांगून मेनूकार्ड त्याच्या हाती द्यावे. तो आपोआप बेरीज करतो, बहिणीशी तह करतो आणि मागवलेले संपवतो. ताटाचे फोटो काढण्यात अन्न निवू देऊ नये, एवढा नियम मोठ्यांनीही पाळावा.

कालव्यापलीकडची सकाळ

महागडी न्याहारी एकच करावी. पाँडिचेरीचे वैशिष्ट्य असे, की व्हाइट टाउनमधून दहा मिनिटे पश्चिमेकडे चालत गेले, कालवा ओलांडला, की दुसरेच गाव सुरू होते. घरांसमोर ओटे, दारात तांदळाच्या पिठाची कोलम, फुलांचे गजरे आणि वाफाळत्या इडल्या. इथे केळीच्या पानावर पोंगल, वडा, सांबार आणि पितळी वाटीतली फिल्टर कॉफी मिळते. चौघांचे पोट तिथे जेवढ्यात भरते, तेवढ्यात पलीकडे एकाची कॉफी आणि क्रेपही होत नाही.

यात एक थाळी खरी आणि दुसरी खोटी असे नाही. शनिवारी इडली-पोंगल, रविवारी बिस्त्रो, असा बेत केला, तर गाव दोन्ही अंगांनी कळते आणि खिसाही हलका होत नाही. समुद्रकाठचा रस्ता संध्याकाळपासून सकाळपर्यंत वाहनांना बंद असतो. रविवारी पहाटे तिथे तासभर पायी फिरावे, गांधींच्या पुतळ्यापाशी सूर्योदय पाहावा, मग नऊच्या आत बिस्त्रो गाठावा. गर्दी दहानंतर उसळते. त्यानंतर महात्मा गांधी रस्त्यावरच्या रविवारच्या बाजारात कपडे-पुस्तकांची खरेदी करावी. दुपारच्या जेवणाची गरजच उरत नाही, ही ब्रंचची खरी बचत.

गावाचे काय?

अशा ठिकाणांविषयी एक तक्रार कानी येते, की त्यांनी गाव महाग केले. ती अगदीच निराधार नाही. ज्या गल्लीत कॉफीला दोनशे रुपये पडतात, तिथे भाडेकरू म्हणून राहणे स्थानिक शिक्षकाला किंवा कारकुनाला जड जाते. घरांची अतिथिगृहे होतात, शेजार विरळ होतो. इथला जुना रहिवासी त्याच अंगणात बसून कॉफी पिऊ शकत नसेल, तर सुंदर गावाचे रूपांतर नाटकाच्या पडद्यात व्हायला वेळ लागत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. ही घरे चुन्याच्या गिलाव्याची, लाकडी तुळयांची. खारे वारे त्यांना पोखरतात, पाऊस त्यांत मुरतो. समुद्रकाठची ‘मेरी’ ही जुनी नगरपालिकेची इमारत २०१४ च्या नोव्हेंबरात पावसात कोसळली. ती पुन्हा जशीच्या तशी उभारावी लागली. सरकारी इमारतीचे हे, तर वारसांत वाटणी झालेल्या, मालक परदेशी असलेल्या खासगी वाड्यांचे काय? ‘इंटॅक’ या वारसा जपणाऱ्या संस्थेने इथे १९८० च्या दशकापासून काम केले. तमिळ वस्तीतल्या वैश्याळ गल्लीच्या पुनरुज्जीवनाला २००८ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. पण प्रत्येक घराची डागडुजी कोणतीही संस्था करू शकत नाही. तळमजल्यावर एखादे कॅफे आले, की छताची दुरुस्ती होते, कौले बदलली जातात आणि अंगणातला आंबा वाचतो. ते आले नसते, तर त्या जागी काचेची चौमजली इमारत उठली असती, अशी घरे थोडी नाहीत.

गिऱ्हाईकाच्या हाती यात फार काही नसले, तरी थोडेसे असते. जिथे स्थानिक मुले-मुली कामाला दिसतात, पाव तिथेच भाजला जातो, मेनूकार्डावर फ्रेंच पदार्थांबरोबर इथल्या क्रेओल घरांतले तमिळ-फ्रेंच मिश्रणाचे जेवणही असते, त्या ठिकाणाला आपले पैसे द्यावेत. दारात दिसणाऱ्या रांगेपेक्षा ही कसोटी अधिक भरवशाची.

हौसेला मोल नसते असे म्हणतात, पण मोल असतेच. फक्त ते आधी ठरवलेले असले, की हौस पुरी झाल्यावर पश्चात्ताप होत नाही. वर्षातून एकदा, बजेट ठरवून, चौघांत वाटून खाल्लेली एखादी न्याहारी कुठल्याही घराला बुडवत नाही. महिन्याला चार वेळा दुसऱ्यांच्या देखादेखीने केलेली मात्र बुडवू शकते. तेव्हा पाँडिचेरीला गेलात, तर एक रविवार जरूर राखून ठेवा. खुर्ची सावलीतली निवडा, क्रोसाँ ताजा आहे का ते विचारा, बिल वाचा आणि एकदा पैसे दिले, की परतीच्या गाडीत त्याविषयी एक अक्षरही काढू नका.